भाषेनं पोट भरतं का?

प्रश्न : ताई, मी जालन्याची, यंदा बारावी कॉमर्स झाले. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि जर्मन दोन्ही शिकायचंय. घरचे म्हणतात, नुसतं बी.कॉम. कर, भाषेनं पोट भरतं का?

उत्तर : बी.कॉम. करच, पण जर्मन सोडू नकोस. वाळूजच्या एका कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं सांभाळते. लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेनं दिलेली पैशांची लेखी हमी) आणि इन्व्हॉइस (आपलं बिल) यांतलं मालाचं वर्णन जुळलं नाही, तर बँक पैसे अडवते. ही नजर वाणिज्य शिकूनच येते. पण जर्मनीत माल अडकला, की तिकडच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणारं कुणीतरी लागतं, आणि अशा मुली आम्हाला शोधून सापडत नाहीत गं! तिथली रीतही कळायला हवी. नाताळ ते नववर्ष जर्मनीत बहुतेक कार्यालयांत काम थंडावलेलं असतं. महत्त्वाची कागदपत्रं त्याआधीच पोचलेली बरी.

पहिल्या वर्षीच ए१ म्हणजे जर्मनची अगदी पहिली पातळी सुरू कर, पदवीपर्यंत बी२ ही वरची पातळी गाठ. ए१ वर थांबलीस तर नोकरीत उपयोग नाही, स्पष्टच सांगते. पुण्याचं मॅक्सम्युलर भवन ऑनलाइनही शिकवतं, त्यामुळे जालना सोडायची गरज नाही. फीचं मात्र घरी आधी बोलून घे.