वाचक विचारतात : खाऱ्या हवेत शाफ्ट लाकडी की कार्बन फायबरचा?

प्रश्न : माझे घर रत्नागिरीत मांडवी किनाऱ्याजवळ आहे. मी मेपलच्या शाफ्टने, म्हणजे क्यूच्या (खेळाच्या काठीच्या) मेपल लाकडाच्या पुढील भागाने, पूल खेळतो. दर वर्षी गणपती येईपर्यंत शाफ्टला बाक आलेला असतो. टेबलावर फिरवला की टोक उड्या मारते. दोन शाफ्ट असेच वाया गेले. क्लबमधील काहींनी कार्बन फायबरचा शाफ्ट घेतला असून त्याने नेम सुधारतो, असे ते छातीठोकपणे सांगतात. किंमत पाहून धीर होत नाही. बदल करावा काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. शाफ्ट सरळ राहील का, हा एक आणि नेम सुधारेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे, दुसऱ्याचे तसे देता येत नाही. आणि कोकणातल्या खेळाडूने पैसे मोजायचेच असतील तर ते पहिल्यासाठी मोजावेत, असे माझे मत आहे.

लाकूड हवेतील ओलावा सतत घेत आणि सोडत असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी असते. तीच आर्द्रता ९० टक्क्यांवर चढून तिथेच रेंगाळली, तर हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जाते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, तेव्हा आपला शाफ्ट दर वर्षी ही चढण चढतो आणि दिवाळीनंतर उतरतो. मागील दाराची फळी आषाढात ज्या कारणाने चौकटीत अडकून बसते, तेच हे कारण. लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, ते जाडीत फुगते, आणि जाडीतही सगळीकडे सारखे फुगत नाही : कठीण मेपल वार्षिक वलयांच्या कडेने जितके फुगते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने फुगते. टिपेजवळ (टोकाच्या चामड्याच्या बटणाजवळ) १३ मिलिमीटर जाडी असलेल्या शाफ्टचा हिशेब केला, तर १२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर पूर्णपणे पोहोचलेले लाकूड एका दिशेने सुमारे ०.४ मिलिमीटर वाढते आणि दुसऱ्या दिशेने त्याच्या निम्मे. गोल शाफ्ट किंचित लंबगोल होतो, आणि तर्जनीचे कडे करून ब्रिज (क्यूला आधार देणारी हाताची ठेवण) बांधणाऱ्याला तो बोटांतून सरकताना अडल्यासारखा वाटतो. पॉलिश किंवा मेण यांनी ओल थांबत नाही, तिचा प्रवास केवळ लांबतो.

बाक येतो तो या फुगण्याच्या असमानतेमुळे. लाकडाचे तंतू शाफ्टच्या अक्षाला काटेकोर समांतर असतील असे नाही. त्यात क्यू भिंतीला टेकवून ठेवला की ओल्या भिंतीकडची बाजू आधी ओल घेते, आणि तिरपे उभे असताना स्वतःच्या वजनाने पडलेला झोल, लाकूड ओलावत-सुकत असल्यामुळे, कायमचा होऊन जातो. पावसाळ्यात क्यू कोपऱ्यात टेकवून ठेवण्याइतका शाफ्ट वाकवण्याचा खात्रीचा उपाय दुसरा नाही.

कार्बन फायबरच्या शाफ्टमध्ये कार्बनचे बारीक तंतू इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेले असतात. हे रेझिन पाणी अगदीच थोडे शोषते आणि त्यात लाकडासारखी फुगण्याची दिशा नसते, त्यामुळे शाफ्ट श्रावणातही तितकाच गोल आणि तितकाच सरळ राहतो. टेबलाच्या कडेवर आपटून लाकडाला पडणारे बारीक खळगेही त्याला सहजासहजी पडत नाहीत. मात्र ओलीचा त्रास संपला असे समजू नये. चामड्याची टिप दमट हवेत मऊ पडून पसरते, टेबलाचे कापड जड होते, बॉल मळतात, आणि जॉइंटमधील (शाफ्ट आणि बट, म्हणजे क्यूचा मागचा भाग, जोडणाऱ्या सांध्यातील) पोलादी स्क्रू खाऱ्या हवेत गंजतो तो गंजतोच. उलट कार्बन आणि ॲल्युमिनिअम यांचा खाऱ्या ओलाव्यात थेट संबंध आला, तर ॲल्युमिनिअम अधिक वेगाने झिजते. त्यामुळे शाफ्ट कार्बनचा असला तरी जॉइंट खेळानंतर कोरड्या फडक्याने पुसणे आणि त्याला टोपण लावणे आपल्या किनाऱ्यावर सुटत नाही.

खर्च करण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. पूर्ण जोडलेला क्यू टेबलावर फिरवून बाकाचा निर्णय घेणे फसवे असते. शाफ्ट वेगळा काढून एकटा फिरवावा आणि त्याच्या खालून दिसणारी उजेडाची फट कमी-जास्त होते का ते पाहावे. मग बटही तसाच पाहावा. दोन्ही स्वतंत्रपणे सरळ आणि जोडल्यावर मात्र टोक उडते, असे आढळल्यास दोष लाकडाचा नसून जॉइंटचा आहे. तिथे साचलेला मळ किंवा गंज काढला की काम भागते, आणि तसे झाले तर नवा शाफ्ट घेण्याची गरजच उरत नाही.

बाक खरोखरच लाकडात असेल तर दोन मार्ग आहेत. पाचरीसारख्या पट्ट्या चिकटवून घडवलेला लाकडी शाफ्ट एकसंध मेपलपेक्षा पुष्कळ स्थिर राहतो, आणि हाताला लाकडाचा स्पर्श हवा असणाऱ्यांनी आधी त्याचा विचार करावा. दुसरा मार्ग कार्बनचा. आपले दोन शाफ्ट वाया गेले आहेत आणि घर समुद्राला लागून आहे, तेव्हा आपल्या बाबतीत मी कार्बनच्या बाजूने कौल देईन. फक्त अतिस्वस्त मिळणाऱ्या मालापासून सावध राहावे. कार्बनसारखी नक्षी असलेले वेष्टन चढवलेला फायबरग्लासचा किंवा लाकडाचा शाफ्टही त्याच नावाने विकला जातो. आणि आपल्या बटच्या स्क्रूचा आटा कोणता, हे विचारल्याशिवाय मागणी नोंदवू नये; ५/१६-१४, ५/१६-१८, ३/८-१०, रेडियल, युनि-लॉक हे सगळे वेगवेगळे असून एकाचा शाफ्ट दुसऱ्यावर बसत नाही.

प्रश्न : मी मेपल सोडून १२.४ मिलिमीटरचा कार्बन शाफ्ट घेतला. सरळ फटके उत्तम बसतात, पण साइड दिली (पांढऱ्या क्यू बॉलला मध्यापासून डावी-उजवीकडे मारले) की पूर्वी डोळे मिटून जाणारे बॉल आता पॉकेटच्या ओठावर लागून परततात. शाफ्टमध्ये दोष आहे का? माझे एक मित्र म्हणतात की, याऐवजी जुना शाफ्ट सावंतवाडीच्या कातारीकडून बारीक करून घेतला असता तरी हाच गुण मिळाला असता. हे खरे आहे का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : शाफ्ट निर्दोष आहे. आपल्या नेमात वर्षानुवर्षे मुरलेली एक दुरुस्ती आता जास्त होते आहे.

क्यू बॉलच्या मध्याच्या डावीकडे टिप लागली की बॉल फिरता फिरता क्यूच्या रेषेपासून किंचित उजवीकडे ढकलला जातो. टिप आणि बॉल यांचा संपर्क सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्या वेळात शाफ्टचा टोकाकडचा वीतभर भागच त्या धक्क्यात सामील होतो, आणि त्या भागाचे वजन जितके अधिक, तितका बॉल अधिक ढकलला जातो. शाफ्टचा ताठपणा हे त्याचे मुख्य कारण आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत यंत्र अभियांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोर यांनी हा मुद्दा विस्ताराने मांडला आहे. टोकाचे वजन घटवण्याची कल्पनाही कार्बनच्या आधीची आहे : क्यू बनवणाऱ्या प्रिडेटर कंपनीने १९९० च्या दशकात टोकाकडे पोकळ ठेवलेला लाकडी शाफ्ट याच तत्त्वावर आणला होता, तिचा कार्बनचा रेव्हो २०१६ मध्ये आला. कार्बनची नळी पातळ असूनही मजबूत राहते, म्हणून हे काम तिला सोपे जाते, इतकेच.

आता आपल्या फटक्याकडे पाहू. समजा, जुन्या मेपलने भरपूर साइड दिल्यावर बॉल दोन अंशांनी ढळत होता. एक मीटर अंतरावर दोन अंश म्हणजे ३५ मिलिमीटर. पूल बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर असल्याने हे अंतर अर्ध्या बॉलहून अधिक झाले. एवढी चूक आपण मनातल्या मनात भरून काढत होता, म्हणजे डावी साइड देताना नेम आपोआप डावीकडे धरत होता. नव्या शाफ्टने बॉल समजा एकच अंश ढळत असेल, तर आपली जुनी सवय क्यू बॉलला सुमारे १७ मिलिमीटर डावीकडे नेऊन ठेवते, आणि पॉकेटचा ओठ लागतो तो त्यामुळे. प्रत्यक्ष आकडे शाफ्टगणिक वेगळे असतील, पण चुकीची दिशा हीच राहील.

यावर उपाय सरावाचाच आहे. क्यू बॉलच्या समोर साधारण एक मीटरवर दुसरा बॉल ठेवून तो अगदी मधोमध मारण्याच्या नेमाने डावी साइड द्यावी आणि फटका जोरकस ठेवावा, कारण हळू फटक्यात बॉल वळून मूळ रेषेकडे परत येऊ लागतो आणि निष्कर्ष चुकतो. समोरचा बॉल कोणत्या बाजूला सुटतो ते पाहून नेमात किती दुरुस्ती लागते हे ठरवावे, मग उजव्या साइडने तेच करावे. या काळात जुना शाफ्ट हाती धरू नये. घरी एक आणि क्लबमध्ये एक असे करणारे मी पाहिले आहेत. त्यांचा नेम दोन्हीकडे डळमळीत होतो. स्पर्धा तोंडावर असेल तर नवा शाफ्ट स्पर्धेनंतर काढलेला बरा.

कातारीविषयी. सावंतवाडीच्या चितारआळीतील कारागिरांचा हात किती सफाईदार आहे हे सांगायला नको, आणि मेपल बारीक केला की टोकाचे वजन घटते, तेव्हा आपल्या मित्राचे म्हणणे काही अंशी खरे आहे. परंतु शाफ्टचा उतार पूर्ण लांबीत एकाच अक्षावर यावा लागतो, फेरूल (टिपेखालची टोपी) आणि टिपही त्या मापाची करावी लागते, आणि बारीक झालेला मेपल आपल्या हवेत पूर्वीपेक्षा लवकर वाकतो. जुन्या, टाकाऊ शाफ्टवर हा प्रयोग करायला हरकत नाही. कार्बनचा शाफ्ट मात्र लेथवर किंवा पॉलिश पेपरखाली कधीही देऊ नये. तंतू कापले जाऊन तो दुबळा होतो आणि त्याची भुकटी श्वासाबरोबर छातीत जाणे घातक असते.

प्रश्न : कार्बनच्या शाफ्टने स्पिन आणि जोर वाढतो, असे विक्रेते म्हणतात. ते खरे मानावे का? आमच्याकडे पूलपेक्षा स्नूकर अधिक खेळला जातो. तिथे हा बदल उपयोगाचा आहे का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : स्पिन किती मिळणार हे टिप मध्यापासून किती दूर लागली आणि क्यू किती वेगाने आला यावर ठरते. मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून, म्हणजे पूल बॉलवर सुमारे १४ मिलिमीटरहून दूर गेल्यास टिप घसरते, मग शाफ्ट कशाचाही असो. कार्बनने बॉल कमी ढळत असल्यामुळे खेळाडू त्या कडेपर्यंत जाण्याचे धाडस करतो आणि वाढलेल्या स्पिनचे श्रेय शाफ्टला देतो. जोरात काही फरक पडलाच, तरी तेवढ्यासाठी पैसे मोजावेत असा तो नसतो.

स्नूकरसाठी मी घाई करणार नाही. तिथे टिप साडेनऊ-दहा मिलिमीटरची, बॉल ५२.५ मिलिमीटरचा, आणि ॲश लाकडाच्या क्यूचे टोक आधीच बारीक असल्याने ढळण्याचा प्रश्न पूलइतका तीव्र नसतो. ॲशचा चांगला क्यू असेल तर तो कडक केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीपासून दूर ठेवावा. त्या पुड्या कोकणात लवकर भरतात. रंग बदलणारे दाणे घेतले तर त्यांना पुन्हा तापवून सुकवण्याची वेळ कळते.

प्रश्न : कार्बनचा शाफ्ट घामाने आणि चॉकने चिकट होतो. क्लबमधील कॅरमची बोरिक पावडर लावली तर आणखी चिखल होतो. तो कसा स्वच्छ करावा, आणि टिप कोणाकडून बदलावी?
— एक वाचक, मालवण

उत्तर : पावडर पूर्णपणे बंद करावी, पावसाळ्यात ती घामात कालवली जाऊन शाफ्टवर आणि पुढे कापडावर बसते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले मायक्रोफायबरचे फडके एकदा फिरवून लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. टिपेच्या सांध्यावर अल्कोहोल जाऊ देऊ नये, तिथला डिंक सैल होतो. हात फारच घामेजत असेल तर तीन बोटांचा हातमोजा वापरावा. चॉकमध्ये प्रामुख्याने सिलिका आणि ॲल्युमिनिअम ऑक्साइडसारखे कठीण कण असतात, त्यामुळे चॉकने माखलेल्या फडक्याने शाफ्ट घासत बसू नये.

टिप बदलण्याचे काम कार्बनवर पूर्वी हात बसलेल्या माणसाकडेच द्यावे. लाकडावर जुनी टिप ब्लेडने काढताना फेरूलला ओरखडा गेला तर घासून निघतो. कार्बनची कड एकदा उचकटली की सांधता येत नाही. जवळपास असा कारागीर नसेल तर मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कोणाबरोबर शाफ्ट पाठवावा, मात्र बंद गाडीत उन्हात तो पडून राहणार नाही असे बजावून, कारण उष्णतेने टिपेचा डिंक सुटू शकतो आणि रेझिनलाही ती मानवत नाही. टिप बसवून आल्यावर तिच्या कडेवरून नख फिरवून पाहावे. नख कुठे अडकले तर शाफ्ट त्याच कारागिराकडे परत पाठवावा, घरी पॉलिश पेपर हातात घेऊ नये.