खोळंबा आणि सूज

प्रश्न असा आहे: पोस्टग्रेस डेटाबेसवर मराठीत टिपण लिहिताना 'लॉक कंटेन्शन'ला 'कुलूप-संघर्ष' आणि 'ब्लोट'ला 'साठवण-फुगवटा' म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चुकीचं चित्र उभं राहील.

संघर्ष म्हटला की दोन बाजू झगडताना दिसतात. इथे कुणीच झगडत नाही. दोन सेशन (डेटाबेसला जोडलेली कनेक्शनं) एकच ओळ बदलायला आली तर पहिलं लॉक, म्हणजे त्या ओळीवरचा तात्पुरता हक्क, घेऊन काम करतं आणि दुसरं मुकाट्याने ताटकळतं. याला आपल्याकडे 'खोळंबा' हा नेमका शब्द आहे. खोळंब्याची आणखी एक खोड पोस्टग्रेसमध्ये तंतोतंत दिसते. एखादी लांबलचक सिलेक्ट (माहिती वाचणारी आज्ञा) चालू असताना कुणी अल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) दिलं, तर ते तिच्यामागे थांबतं. त्यानंतर आलेल्या साध्या सिलेक्टही त्या थांबलेल्या अल्टरमागे अडकतात. चालू सिलेक्टशी त्यांचं काही वाकडं नसतं, तरी रांग लागते.

'फुगवटा' शब्द चांगला आहे, पण तो धरणाच्या पाण्याला शोभतो: पाणी खरंच वाढलेलं असतं. ब्लोटमध्ये माहिती वाढलेलीच नसते. पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ खोडत नाही, नवी प्रत लिहितो. जुनी प्रत मेली तरी फाइलमध्ये जागा अडवून बसते. टेबल दुप्पट दिसतं, कामाच्या ओळी तेवढ्याच. बाळसं नव्हे, ही सूज. माझं मत 'सूज'लाच.

आता हे दोन शब्द एकमेकांना कसे बांधलेले आहेत ते पाहा. जुन्या प्रती ठेवल्यामुळेच वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला. म्हणजे खोळंबा टाळायची किंमत सुजेत मोजलेली असते. व्हॅक्यूम म्हणजे पोस्टग्रेसची झाडलोट. साध्या व्हॅक्यूमने मेलेल्या ओळींची जागा पुन्हा वापरता येते, पण फाइल सहसा लहान होत नाही. म्हणून 'व्हॅक्यूमने सूज उतरते' असं लिहू नका, 'सूज वाढायची थांबते' लिहा. उतरवायची तर व्हॅक्यूम फुल. ते टेबलाची नवी प्रत बांधतं, त्यासाठी डिस्कवर आणखी जागा मागतं आणि काम संपेपर्यंत टेबल वाचूही देत नाही. फिरून खोळंबा! त्यापेक्षा ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारा व्हॅक्यूम) लवकर धाडलेला बरा. मूळ मांडणीत (डिफॉल्ट सेटिंगमध्ये) तो सुमारे 20 टक्के ओळी मेल्यावर जागा होतो, म्हणजे एक कोटी ओळींच्या टेबलात वीस लाख मढी साचल्यावर. मोठ्या टेबलाला हा आकडा कमी करून द्यावा. आणि कुणी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पुरा किंवा रद्द होणारा कामांचा गट) उघडं टाकून जेवायला गेलं असेल तर व्हॅक्यूम कितीही फिरवा, त्या ट्रान्झॅक्शनला अजून दिसू शकतील अशा जुन्या प्रती हलत नाहीत.

'कुलूप' मात्र सोडाच. कुलूप घालतात, लॉक घेतात. क्रियापदच निराळं आहे. 'साठवण'ही नको, नुसती 'टेबलाची सूज' पुरे.

जाता जाता, 'डेडलॉक'ला खोळंबा म्हणू नका. खोळंबा आपोआप संपतो. डेडलॉकमध्ये दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात, कुणीतरी सोडवल्याशिवाय सुटत नाही. तो 'तिढा'. पोस्टग्रेस साधारण एक सेकंद थांबून तो तपासतो आणि दोघांपैकी एकाचं ट्रान्झॅक्शन रद्द करतो.