‘कधी’ आलं म्हणजे प्रश्नचिन्ह?

प्रश्न एका आईचा आहे. तिसरीतल्या मुलीने वहीत लिहिलं, ‘बाबा कधी येणार ते मला माहीत नाही?’ प्रश्नचिन्ह कशाला, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘त्यात कधी आहे ना!’ काय, कोण, कुठे, कधी, का, किती यांपैकी काही दिसलं की प्रश्नचिन्ह, असं तिला शिकवलंय. हा नियम चूक आहे का?

चूक नाही, अर्धा आहे. मुलीने तो इमानाने पाळला, म्हणूनच त्याचं अर्धेपण उघडं पडलं.

‘बाबा कधी येणार?’ एवढंच असतं तर प्रश्नच होता. पण इथे तो दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेलाय. मुलगी विचारत नाहीये, ‘मला माहीत नाही’ असं सांगतेय. सांगणं आलं की पूर्णविराम. ‘तू का रडतोस ते सांग.’ ही आज्ञा आहे, तिलाही पूर्णविराम. प्रश्नार्थक शब्दानंतर ‘ते’ किंवा ‘असं’ आलं, की मुलांना पुढचं शेवटचं क्रियापद बघायला सांगावं. ‘बाबा कधी येणार ते तुला माहीत आहे का?’ यात प्रश्नचिन्ह येतं, पण ते ‘कधी’मुळे नाही, शेवटच्या ‘का’मुळे.

हेच शब्द उद्गारातही येतात. ‘किती पाऊस पडला?’ याला उत्तर आहे, इतके मिलिमीटर. ‘किती पाऊस पडला हा!’ याला उत्तर नाही, फार तर ‘हो ना!’ म्हणायचं. ‘काय हा पसारा!’ असं आई ओरडते तेव्हा ती पसाऱ्याची यादी मागत नसते, हे मुलांना नीट ठाऊक असतं. उलट ‘चहा घेणार?’ यात प्रश्नार्थक शब्द एकही नाही, तरी तो प्रश्नच.

मग आवाजावर विसंबावं का? शेवटी आवाज चढला की प्रश्नचिन्ह, असंही काही जण शिकवतात. ‘चहा घेणार?’ला ते चालतं. ‘तुझं नाव काय?’ म्हणून बघा, बऱ्याचदा शेवटी आवाज खालीच येतो. तेव्हा ही खूणही निम्मीच.

मला त्यातल्या त्यात भरवशाची वाटते ती ऐकणाऱ्याची कसोटी. समोरच्याने काय करायचं? उत्तर द्यायचं, नुसतं ऐकून घ्यायचं की बोलणाऱ्याच्या आश्चर्यात, रागात, आनंदात सामील व्हायचं? ‘पाऊस आला’ हे दोनच शब्द फळ्यावर चिन्हाशिवाय लिहावेत. एकाने ते हवे तसे म्हणावेत, दुसऱ्याने चिन्ह द्यावं. नंतर उलट करावं: चिन्ह आधी, म्हणणं नंतर. आज्ञेच्या वाक्यांत मुलं उगाच उद्गारचिन्हं पेरतात, ‘दार लाव.’ला पूर्णविराम पुरतो. ‘मी काय वेडा आहे?’ मात्र या कसोटीला चकवतं. उत्तर नकोय, पण वाक्याची घडण प्रश्नाची, म्हणून प्रश्नचिन्हच ठेवतात. तिसरीत हा विषय काढू नये.

जाता जाता, मोडी लिपीत ही चिन्हं नव्हतीच. मराठीत ती रुजवण्याचं श्रेय इंग्रज अधिकारी आणि कोशकार मेजर थॉमस कँडी यांना देतात. विरामचिन्हांवरची त्यांची पुस्तिका १८५०ची.

खरा वाद ‘की’चा आहे. ‘आईने विचारलं, “तू जेवलास का?”’ इथे प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत. ‘मी जेवलो का, असं आईने विचारलं.’ इथे पूर्णविराम. पण ‘आईने विचारलं की तू जेवलास का’ याचं काय? अख्खं वाक्य सांगणारं आहे, म्हणून पूर्णविराम, हे तर्काला धरून आहे आणि मी तोच देतो. पण मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात, त्यामुळे हात आपसूक प्रश्नचिन्हाकडे जातो, आणि छापील मजकुरातही ते दिसतं. मुलीने इथे प्रश्नचिन्ह दिलं तर मी गुण कापणार नाही. ‘माहीत नाही’पुढे दिलं तर मात्र खोडायला लावेन.