जुन्या बॅकअपवर नवं कुलूप लावून भागत नाही

आईचा जनुकीय तपासणीचा अहवाल २०१७ पासून क्लाउडवर आहे, जीपीजी या फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामने बंद केलेला, आणि क्वांटम संगणकाच्या बातम्यांनी झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंय. माझी गत हीच होती, फक्त अहवाल मुलीचा.

पासवर्ड, ओटीपी वगैरे सोडतो, ते तुम्ही केलंच असेल.

माझी घोडचूक ऐका. फाइल एईएसने (एकाच गुप्त किल्लीचं मजबूत कुलूप) बंद आहे म्हणून मी निर्धास्त होतो. पण जीपीजीत पब्लिक की (कुणालाही देता येते, पण तिने फक्त बंद करता येतं) वापरली, की त्या एईएसची किल्ली आरएसए नावाच्या दुसऱ्या कुलपाच्या डबीत बसून फाइलसोबतच जाते. गणितज्ञ पीटर शोरने १९९४ मध्ये दाखवलेल्या रीतीने पुरेसा मोठा क्वांटम संगणक ही डबी फोडू शकतो. आरएसएऐवजी एलिप्टिक कर्व्ह या पद्धतीची नवी किल्ली काढलीत तरी तेच. हे कळल्यावर मी सगळं लांबलचक पासफ्रेज (अनेक शब्दांचा पासवर्ड) देऊन एईएस-२५६ने पुन्हा बंद केलं, म्हणजे आरएसएची डबीच नको, जुन्या फाइली उडवल्या आणि हात झटकले. दीड वर्षाने क्लाउडची व्हर्जन हिस्टरी (तिथे फाइलच्या आधीच्या आवृत्त्या राहतात) उघडली, तर जुन्या प्रती जशाच्या तशा! त्या पुसा म्हणून कंपनीला मेलवर मेल. आधी उत्तर आलं, "ॲप अपडेट करा." मग ओळख पटवायला आधार कार्डाचा फोटो मागितला, तोही साध्या मेलवर. खाजगी माहिती पुसण्यासाठी! मी नाद सोडला. आज ना उद्या त्या प्रती कुणीतरी वाचणार, असंच धरून चालतो.

(मी तज्ज्ञ नाही, सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे. चुकत असेन तर सांगा.)

माझ्या मते आधी बघायचं ते हे, की कुठली गोष्ट किती वर्षं गुप्त राहायला हवी. ओटीपी पाच मिनिटांत शिळा होतो. जनुकं नातवंडांपर्यंत जातात आणि बदलता येत नाहीत. नव्या निरोपांची मला तेवढी काळजी नाही. सिग्नल ॲपने २०२३ मध्ये, ॲपलच्या आयमेसेजने २०२४ मध्ये क्वांटमला टिकेल अशी जोड दिली आहे.

'क्वांटम-प्रूफ लॉकर' विकणाऱ्याला अल्गोरिदमचं नाव विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेल्या एमएल-केईएमचं (क्वांटमला टिकेल अशा रीतीने किल्ली पोचवणारा अल्गोरिदम) नाव घेतलं तर पुढे बोला. नुसतं हसला तर उठा. एमएल-केईएमही जुन्या पद्धतीच्या जोडीने वापरलेला बरा, कारण नवा अल्गोरिदम फुटूही शकतो. एनआयएसटीच्या निवडीतला सायक नावाचा एक उमेदवार अल्गोरिदम २०२२ मध्ये साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फुटला होता, क्वांटम वगैरे काही लागलं नाही.

आणि हो, जुन्या फोनचं सिंक बंद केलंय ना, ते बघा. माझी एक प्रत कपाटातल्या फोनवरून पुन्हा वर चढली होती.