चांगलं वागणं आणि 'कृपा' यात फरक काय?

तुमचा प्रश्न असा आहे: शेजारच्या ख्रिस्ती मावशी मुलाला नोकरी लागली तरी "देवाची कृपा" म्हणतात आणि रिक्षा वेळेवर मिळाली तरी "कृपा" म्हणतात. ही कृपा रोजच्या जगण्यात नेमकी असते काय? चांगलं वागलं की देव प्रसन्न होतो, तेच ना हे? आणि तेच असेल तर चांगलं वागायला धर्म कशाला हवा?

मधला प्रश्न आधी घेते, कारण सगळी गोम तिथेच आहे. नाही, तेच नाही. जवळजवळ उलटं आहे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सरळ म्हटलंय की तारण, म्हणजे पापातून सुटका, हे देवाचं दान आहे, आपल्या कर्मांची कमाई नव्हे, म्हणजे कुणाला फुशारकी मारायला जागा राहत नाही. चांगली कामं त्याच्या पुढच्या वाक्यात येतात. आधी मिळतं, मग त्यातून माणूस वागतो. तुम्ही मांडलेला क्रम मात्र बहुतेकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, आम्हा दर रविवारी उपासनेला जाणाऱ्यांच्यासुद्धा. कृपेवरचा उपदेश आम्ही ज्या पंख्याखाली बसून ऐकतो, त्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव ठळक अक्षरात असतं!

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढले, नर्सिंग केलं, सारी नोकरी वॉर्डात गेली, आता निवृत्त आहे. तेव्हा पाळकसाहेब सांगतील तसं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही.

येशूने सांगितलेली एक गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणायला जातो आणि दिवसाचा एक दिनार ठरवून माणसं घेऊन येतो. एक दिनार म्हणजे त्या काळची पुऱ्या दिवसाची मजुरी. मग तो नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा जातो, तर तिथे अजून काही जण उभेच. "दिवसभर रिकामे का उभे राहिलात?" तर म्हणतात, "आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही."

शहरातला मजूर अड्डा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वाक्य कळेल. सकाळी मुकादम येतात आणि धडधाकट गडी आधी उचलतात. मागे राहतात ते म्हातारे, खोकणारे, एखाद्या हाताने अधू, कडेवर पोर असलेल्या बाया. संध्याकाळी पाचपर्यंत जो उभा आहे तो आळशी नाही. आळशी केव्हाच घरी गेला असता. त्याला घरी रिकाम्या हाताने जाता येत नाही म्हणून तो उभा आहे.

संध्याकाळी मजुरी वाटताना मालक शेवटी आलेल्यांना आधी बोलावतो आणि प्रत्येकाच्या हातावर पुरा दिनार ठेवतो. पहाटेपासून राबणाऱ्यांना वाटतं, आपल्याला आता जास्त मिळणार. त्यांनाही एकच दिनार. ते कुरकुर करतात. मालक म्हणतो, ठरलं होतं तेवढं तुला दिलंय, मी तुझ्यावर अन्याय केलेला नाही. मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत खुपतंय का?

लहानपणी संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकली की मला मालकाचा राग यायचा. आजही मला वाटतं, राग यायलाच हवा. ज्याला ही गोष्ट ऐकून काहीच टोचत नाही त्याने ती नीट ऐकलेली नाही. मालकाला दोन वेगळ्या दारांनी मजुरी वाटता आली असती, कुणालाच कळलं नसतं. त्याने मुद्दाम सगळ्यांसमोर वाटली. कष्ट केल्याबद्दल मिळावं यात कुणाचंच काही म्हणणं नसतं. दुसऱ्याला कष्टाशिवाय तेवढंच मिळालं की मात्र आपल्या आत काहीतरी वळवळतं. ख्रिस्ती माणसाचा कृपेशी खरा सामना इथे होतो, प्रार्थनेत होत नाही.

वॉर्डातलं सांगते. मेडिकल वॉर्डात आमच्याकडे एक पेशंट वरचेवर यायचा. दारूने लिव्हर गेलेलं, पोटात पाणी झालेलं. पाणी काढायचं, औषधं द्यायची, जरा उतार पडला की घरी, आणि पुन्हा पिऊन परत. वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, "ह्याच्यावर सलाईन कशाला वाया घालवता?" त्यांचं काही चुकत नव्हतं. त्याच्या शेजारच्या खाटेवर जन्मात सुपारी न खाल्लेला माणूस किडनीने खंगत होता आणि त्याच्या घरचे बाहेर पॅसेजमध्ये सतरंजीवर झोपत होते. न्यायाने पाहिलं तर कुणाची सेवा जास्त व्हायला हवी?

आमच्या वॉर्ड सिस्टर त्या दारुड्याचीही दाढी करवून घ्यायच्या, पाठीला पावडर लावायच्या, अंथरूण इतरांइतकंच ताठ घालायला लावायच्या. मी नवीन होते, तोंडाळ होते. एकदा विचारलं, एवढं कशाला? त्यांनी रजिस्टरकडे बोट दाखवलं. "त्याचं नाव आहे ना इथे?" एवढंच. पुढे त्याने एकदा वॉर्डातच बायकोवर हात उगारला. तेव्हा ह्याच बाई मध्ये पडल्या, सिक्युरिटीला बोलावलं, बायकोला सोशल वर्करकडे नेऊन बसवलं आणि त्याला सगळ्यांदेखत असा झापला की तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडला होता. संध्याकाळी त्याचं अंथरूण नेहमीसारखंच बदललं गेलं.

तो सुधारला नाही. पुढच्या खेपेला आमच्याच वॉर्डात गेला. उपदेशात अशा गोष्टींना नेहमी गोड शेवट असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि हो, त्या सिस्टर ख्रिस्ती नव्हत्या. कोकणातल्या होत्या, घरी गणपती बसायचा. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर काय असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल. चांगलं वागायला ख्रिस्ती असावं लागत नाही, आणि आमच्यातल्या कुणी तसं सुचवलं तर मला लाज वाटते. देव दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच पाऊस पाडतो, हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलंच वाक्य आहे. आम्हा नगरकरांना ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग विश्वासाने काय फरक पडतो? इथे मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून भेटतात, पण त्यांच्या आयुष्यातली ही बाजू फारशी कुणी सांगत नाही. त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलहॅमला जोगिणींनी, म्हणजे ख्रिस्ती नन्सनी, चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने टाकून दिलेल्या, 'वाईट चालीच्या' म्हटल्या गेलेल्या बायका तिथे राहत होत्या आणि त्या जोगिणी त्यांच्याशी मायेने वागत होत्या. अशा बायकांशी कुणी असं वागताना रमाबाईंनी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी हलक्या मानलेल्या समाजातल्या, बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपली असती तर ती नेहमीची धर्मांतराची गोष्ट झाली असती. पण 1907 साली लिहिलेल्या साक्षीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या आत्मकथनात, रमाबाई स्वतःच सांगतात की आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मोठ्या विदुषी होत्या, तत्त्वं पटली होती, आचार उत्तम होता. तरी आपण काहीतरी करून, पात्र ठरून, मग देवाला आवडू, ही धडपड आतून सुटत नव्हती. ती सुटायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं गेली. ही बाई लहानपणापासून आई-वडिलांबरोबर तीर्थयात्रा करत वाढलेली, व्रतं, उपास, दानधर्म सगळं केलेली आणि दुष्काळात आई-वडील उपासमारीने गेलेले पाहिलेली. 'मी काय केलं म्हणजे पुरे होईल' हा प्रश्न तिने आयुष्यभर वागवला होता. तो खाली ठेवता येतो हे कळणं, माझ्या समजुतीप्रमाणे, म्हणजे विश्वास.

आणि प्रश्न खाली ठेवल्यावर त्या हात जोडून बसल्या नाहीत. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे टाकलेल्या बायकांसाठी एक वेगळं घर होतं, त्याचं नाव कृपासदन. फुलहॅमला जे पाहिलं ते केडगावच्या माळावर आलं.

आता तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगते. ख्रिस्ती लोकांची दया म्हणजे गळाला लावलेलं आमिष, असा आरोप रमाबाईंवरही झाला. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून 1893 मध्ये शारदा सदनाच्या, म्हणजे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेच्या, सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकरांसारखी माणसं बाहेर पडली. त्या वादात मी इथे शिरत नाही. माझं मत एवढंच आहे की, तांदळाच्या पिशवीच्या बदल्यात कुणी प्रार्थनेला बसण्याची अट घातली तर तो सौदा झाला. त्याला दुसरं काहीही म्हणा, कृपा म्हणू नका. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांतला एकच आभार मानायला परत आला. बाकीच्या नऊ जणांचा रोग त्याने परत आणला नाही.

दुसरी शंका, सगळं फुकट मिळणार असेल तर माणूस वाटेल तसं वागेल. डिट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने 1937 मध्ये याला 'स्वस्त कृपा' म्हणून झोडपलं. पश्चात्ताप नको, येशूचं अनुसरण नको, नुसती माफी हवी. हिटलरला विरोध केल्याबद्दल एप्रिल 1945 मध्ये त्यांना फाशी झाली, तेव्हा त्यांच्या बोलण्याला वजन आहे. आमच्या वॉर्ड सिस्टरनी त्या माणसाला झापलंही आणि त्याचं अंथरूणही बदललं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईने एकाच दिवशी केल्या, म्हणून मला ते उदाहरण अजून पुरतं.

मला स्वतःला जड गेलं ते देणं नव्हे, घेणं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांच्याशी पाण्याच्या टाकीवरून माझी बोलचाल बंद होती, त्या रोज डबा घेऊन वर यायच्या. मी लगेच मनात मांडणी सुरू केली: यांना परत काय द्यायचं, केव्हा द्यायचं, साडी की मिठाई. जन्मभर दुसऱ्याचं केलेल्या बाईला दुसऱ्याचं नुसतं खाता येत नव्हतं. शेवटी खाल्लं. भाजीत मीठ जास्त असायचं, तेही सांगितलं नाही.

तुमच्या मावशींच्या रिक्षाबद्दल माझं त्यांच्याशी जमणार नाही. रिक्षा मिळणं ही कृपा असेल तर जो उन्हात उभा राहिला त्याच्यावर देव रुसला होता का? नशिबाला कृपा म्हणायची सवय आमच्या लोकांना आहे. पण मुलाच्या नोकरीबद्दल त्या तसं म्हणत असतील, आणि त्यामुळे 'माझ्या मुलाने मिळवलं' ही ताठ मान जरा खाली येत असेल, तर त्यांना नीट कळलेलं आहे. त्यांनाच विचारा, रागावणार नाहीत. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचं ताट आलं तर ते रिकामं परत द्यायची हिंमत करून बघा.

वाचायचं असेल तर मत्तय 20 च्या पहिल्या सोळा ओव्या वाचा, आणि लूक 15 मधली उधळ्या पुत्राची गोष्ट थोरल्या भावाच्या बाजूने वाचा.