भाग २ ला ३४ पडले म्हणजे मेडिकलच का?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे, मराठी माध्यम, राहायला सातपूर. सराव परीक्षेत विज्ञान भाग १ ला ४० पैकी १९ आणि भाग २ ला ३४ पडले. तिला मेडिकलला जायचंय. तिचे बाबा म्हणतात, पॉलिटेक्निक बरं, गणिताची कटकट कमी. एका क्लासने अकरावी-बारावीची फी आत्ताच भरायला सांगितलीय. काय करावं?

उत्तर : ताई, फी थांबवा. आधी दोन्ही उत्तरपत्रिका समोर घ्या.

भाग २ म्हणजे जीवशास्त्र असं सगळे धरून चालतात. पण त्यातल्या दहा धड्यांत पर्यावरणीय व्यवस्थापन, हरित ऊर्जा, सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापनही आहे. नीट वाचणाऱ्या, मुद्देसूद लिहिणाऱ्या मुलीला तिथे मार्क मिळतातच. म्हणून ३४ चे दोन भाग करा. आनुवंशिकता, जीवनप्रक्रियेचे दोन धडे, प्राण्यांचं वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पेशीविज्ञान यांत किती पडले ते वेगळं मोजा. मार्क तिथेच गेले असतील, तर जीवशास्त्राची आवड आणखी तपासायला हवी.

आता भाग १. नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, ७२० गुणांपैकी जीवशास्त्राला ३६० आहेत, उरलेले ३६० भौतिक आणि रसायनचे. त्यांचा पाया या १९ गुणांत आहे. पण १९ का पडले, हे आकड्यावरून कळत नाही, चुकीच्या उत्तरावरून कळतं.

भिंगाचं गणित बघा. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर. प्रतिमा कुठे? बरोबर उत्तर ६० सेंमी. तिचं उत्तर १२ आलं असेल, तर वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं ती विसरली. उत्तर १/६० लिहून सोडलं असेल, तर सूत्र आणि चिन्ह दोन्ही बरोबर आहेत, फक्त शेवटी अपूर्णांक उलटा करायचा राहिला. जागा कोरी असेल, तर तिला सूत्र आठवत नाही किंवा कुठलं वापरायचं ते सुचत नाही. तिन्हींत मार्क जातात, पण पहिल्या दोन चुका आठवड्याभरात सुटतात. तिसरीला महिने लागतात.

विद्युतधारेच्या गणितात उत्तर बरोब्बर साठपट कमी किंवा जास्त आलं असेल, तर मिनिटांचे सेकंद केले नाहीत, एवढंच. समीकरण संतुलित करताना मुलं सूत्राच्या आतला बारीक आकडा बदलतात. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली दोन लिहिला की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. ही चूक दिसली तर संयुजा, म्हणजे कुठला अणू किती जणांशी जोडला जातो ते, कच्ची आहे, आणि ती नववीपासून कच्ची आहे.

म्हणून नववीचं पुस्तक रद्दीत देऊ नका. गतीचे नियम, धाराविद्युत आणि द्रव्याचे मोजमाप हे तीन धडे बोर्डाची परीक्षा झाल्यावर तिने पुन्हा करावेत. अकरावीत मोलची, म्हणजे अणू-रेणू मोजायच्या एककाची, संकल्पना अगदी सुरुवातीला येते आणि तिथेच पुष्कळ मुलं घाबरतात. शिवाय अकरावीचं सायन्स इंग्रजीतून. त्वरण म्हणजे ॲक्सेलरेशन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट अशा दोनशे-अडीचशे शब्दांची वही सुट्टीत तयार झाली, तर पहिली चाचणी जड जाणार नाही. मराठी माध्यमाच्या हुशार मुली दिवाळीपर्यंत मागे पडतात ते बहुतेक वेळा शब्दांमुळे. विषय त्यांना समजत असतो.

बाबांचं म्हणणं अर्धंच बरोबर. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा चांगला आहे, पुढे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि सातपूर-अंबडच्या एमआयडीसी घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत. पण पहिल्या वर्षी गणित, भौतिक, रसायन तिथेही आहेच. गणित टाळायला म्हणून तिकडे जाऊ नये.

मेडिकल आणि पॉलिटेक्निकच्या मध्येही बरंच काही आहे. बारावी सायन्सनंतर फार्मसी, नर्सिंग, मायक्रोबायोलॉजी, फूड टेक्नॉलॉजी आहे. दिंडोरीकडच्या वायनरीत द्राक्षरसाच्या साखरेचं अल्कोहोल यीस्टच करतं, आणि या यीस्टची ओळख दहावीच्या सूक्ष्मजीवांच्या धड्यातही होते. तो धडा तिला आवडला होता का, एवढं विचारून बघा.

येत्या तीनही रविवारी दहा-दहा गणितं द्या : भिंगं, विद्युतधारा, उष्णता, गुरुत्वाकर्षण, मिसळून. वेळ एक तास, पुस्तक बंद. चूक कुठे झाली ते तिनेच शेजारी लिहावं : चिन्ह, एकक, सूत्र की आकडेमोड. तिसऱ्या रविवारी दहापैकी सहा-सात बरोबर आली आणि चुका एककाच्याच उरल्या, तर जीवशास्त्र घेऊन सायन्सला जायला माझी हरकत नाही. सूत्रच सुचत नसेल, तर क्लासची फी भरायच्या आधी भेटायला या. येताना मार्कशीट नसली तरी चालेल, तिच्या हाताने लिहिलेली ती यादी आणा.