जुनाट दुखणे: सुरुवात कशी करावी

ताई, तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेत मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असू शकते. म्हणून एमआरआयमध्ये फारसे काही आढळले नाही, तरी आपले दुखणे खोटे ठरत नाही, हे आधी घरच्यांना समजावून सांगावे. माझी कंबर अकरा वर्षे दुखते आहे. पहिली दोन वर्षे मी दुकानातून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणून काढली. त्याने जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हे मला कोणी बजावले नव्हते.

वेदनातज्ज्ञांना, म्हणजे बहुधा या विषयात पुढे शिकलेल्या भूलतज्ज्ञांना, अवश्य भेटावे. त्यांनी ॲमिट्रिप्टिलीन लिहून दिल्यास नैराश्याची गोळी म्हणून घाबरू नये; कमी मात्रेत ती मज्जातंतूंच्या वेदनेवर देतात, गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने एकदम थांबवू नये.

मला खरा आधार मिळाला तो मोजून चालण्याचा. बरे वाटले की मी गोदाघाटापर्यंत जात असे आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळत असे. फिजिओथेरपिस्टनी घड्याळ लावून रोज आठच मिनिटे चालायला लावले, बऱ्या दिवशीही आठच, आणि दर आठवड्याला एक मिनिट वाढवले. आज कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मी अर्धा तास चालते. दुखणे आहेच, पण सकाळ माझी आहे.

मात्र पायातील बळ अचानक गेले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.